दंतरोपणाचे आटे आणि हाड भरून येण्याचे आठवडे : उपलब्ध संशोधनाची चिकित्सा, बेळगाव-निपाणी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा छोटा स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात उभारण्याच्या उपचारास दंतरोपण असे म्हणतात. व्यवहारात मात्र ‘इंप्लांट’ हाच शब्द रूढ आहे. बेळगाव शहरात केएलई संस्थेचे आणि मराठा मंडळाचे अशी दोन दंत महाविद्यालये आहेत. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर या भागांतील रुग्णांना इंप्लांट हा शब्द आता नवा राहिलेला नाही. ज्याला परवडते तो कवळीऐवजी इंप्लांटचा विचार करतो, आणि ज्याला परवडत नाही तोही कर्ज काढून एखाद्या दाढेपुरता तो करून घेतो.

असा इंप्लांट बसवला त्या दिवशी घट्ट असतो. सर्व सुरळीत झाल्यास तीन-चार महिन्यांनीही तो घट्ट असतो. या दोन टोकांच्या मध्ये जे आठवडे जातात त्यांत त्याची स्थिरता आधी कमी होते व नंतर वाढते. इंप्लांट कायमचा राहणार की सैल होऊन काढावा लागणार, याचा निकाल बऱ्याच वेळा याच काळात लागतो. इंप्लांटचा आराखडा, म्हणजे त्याच्या आट्यांचा आकार, खोली, त्यांमधील अंतर आणि स्क्रूचा निमुळतेपणा, या आठवड्यांत नेमके काय करतो, याविषयी गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत विपुल लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात त्यातील काही प्रमुख लेखनाची चिकित्सा केली आहे. हे लेखन ज्या रुग्णांवर आधारलेले आहे, ते निपाणीच्या रुग्णासारखे होते काय, हा प्रश्नही त्यास जोडूनच विचारावा लागतो.

स्थिरता एक नव्हे, दोन

बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर आटे पाडणाऱ्या कारागिरास कोणी विचारले की स्क्रू केव्हा पक्का बसतो, तर तो म्हणेल की आटे खोल असावेत, भोक किंचित कमी मापाचे असावे आणि पिळताना जोर लागला पाहिजे. लोखंडाच्या व लाकडाच्या बाबतीत हे उत्तर बिनचूक आहे. इंप्लांट हाडात शिरताना पहिल्या दिवशी जी पकड मिळते ती याच नियमाने मिळते. तिला प्राथमिक स्थिरता म्हणतात. ती निव्वळ यांत्रिक असते.

हाड मात्र लोखंडासारखे स्वस्थ बसत नाही. आट्यांच्या टोकांनी ज्या ठिकाणी हाड दाबले जाते तेथील पेशी मरतात, ते हाड शरीराकडून झिजवून काढले जाते आणि त्या जागी नवे, प्रथम कच्चे व पुढे पक्के, हाड तयार होते. या नव्या हाडामुळे मिळणारी पकड ती दुय्यम स्थिरता होय. पहिली पकड उतरत असते त्याच काळात दुसरी चढत असते. उतरण आणि चढण यांच्या सांध्यावर एक खळगा पडतो. राघवेंद्र, वुड आणि टेलर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात या दोन रेषा एका आलेखावर मांडल्या. तेव्हापासून हा आलेख इंप्लांटवरील जवळपास प्रत्येक व्याख्यानात दाखवला जातो. तो केवळ कल्पनेतला आलेख नाही. बारेवाल व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये रुग्णांच्या तोंडातील इंप्लांटची स्थिरता ठराविक आठवड्यांनी मोजली. सर्व प्रकारच्या हाडांत तिसऱ्या आठवड्यात ती सर्वांत कमी आढळली. मऊ हाडात ही घट अधिक होती, आणि पाचव्या आठवड्याच्या सुमारास कठीण व मऊ हाडातील फरक पुसला गेला होता.

या अभ्यासाकडे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. ज्यांनी फक्त पहिल्या दिवशी व तिसऱ्या महिन्यात मोजणी केली, त्यांना खळगा दिसण्याची शक्यताच नव्हती. आराखड्याविषयीच्या अनेक दाव्यांची अडचण येथूनच सुरू होते.

साधा स्क्रू आणि घाई

स्वीडिश शास्त्रज्ञ पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९५० च्या दशकात सशांच्या हाडात टायटॅनियमची उपकरणे बसवून रक्तप्रवाहाचा अभ्यास चालवला होता. ती उपकरणे हाडातून निघेनात, तेव्हा हाड आणि टायटॅनियम यांच्या एकजीव होण्याकडे त्यांचे लक्ष गेले. १९६५ मध्ये गोस्टा लार्सन या रुग्णास त्यांनी पहिले इंप्लांट बसवले. लार्सन यांचा २००६ मध्ये मृत्यू झाला तेव्हा, चाळीस वर्षांनंतरही, ते इंप्लांट कामात होते.

ब्रोनेमार्क यांच्या इंप्लांटचा आराखडा आजच्या मानाने अगदी साधा होता. सरळ दंडगोल, व्ही आकाराचे आटे, लेथवर कातलेला गुळगुळीत पृष्ठभाग. आज बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही इंप्लांटच्या माहितीपत्रकात या तिन्ही गोष्टी दोष म्हणून दाखवल्या जातात. असे असूनही तो यशस्वी झाला, कारण खालच्या जबड्यात तीन महिने व वरच्या जबड्यात सहा महिने त्यावर कसलाही भार येऊ दिला जात नसे. इंप्लांट हिरडीखाली झाकून ठेवला जाई. स्थिरतेचा खळगा तेव्हाही पडतच असणार, परंतु त्या काळात इंप्लांटला कोणी हात लावत नसल्यामुळे तो कोणास जाणवला नाही.

म्हणूनच आराखड्याचा प्रश्न हा मुळात घाईतून जन्मलेला प्रश्न आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. सहा महिने थांबायचे असेल तर आटे व्ही आकाराचे की चौकोनी याने फारसे बिघडत नाही. सहा आठवड्यांनी, किंवा त्याच दिवशी, दात बसवायचा असेल तर मात्र बिघडू शकते. आल्ब्रेक्टसन, ब्रोनेमार्क व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हाड आणि इंप्लांट यांच्या एकजीव होण्यासाठी सहा घटक सांगितले होते : इंप्लांटचे द्रव्य, त्याचा आराखडा, त्याचा पृष्ठभाग, हाडाची स्थिती, शस्त्रक्रियेचे तंत्र आणि भार. पुढील काळात या सहांपैकी ज्या गोष्टी विकता येतात, म्हणजे द्रव्य, आराखडा व पृष्ठभाग, त्यांच्यावरील लेखन फुगत गेले. हाडाची स्थिती विकता येत नाही, हे येथे नोंदवून ठेवावे.

येथे आराखड्यावर अन्याय होऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जॅफिन व बर्मन यांनी १९९१ मध्ये १,०५४ ब्रोनेमार्क इंप्लांटचा पाच वर्षांचा हिशोब मांडला. कठीण व मध्यम हाडात सुमारे ३ टक्के इंप्लांट गमावले गेले, तर अतिशय मऊ, चौथ्या प्रकारच्या हाडात ३५ टक्के. वरच्या जबड्याच्या मागील भागातील हाड बऱ्याचदा असे असते. अशा हाडात सरळ दंडगोलाला पकडच मिळत नाही, आणि किंचित निमुळता इंप्लांट पाचरीसारखा बसून पहिल्या दिवसाची पकड सुधारतो. ओ’सलिव्हन, सेनर्बी व मेरेडिथ यांच्या २००४ मधील सशांवरील प्रयोगात एक अंशाच्या निमुळतेपणानेही प्राथमिक स्थिरता सुधारल्याचे दिसले. तेव्हा आराखडा निरर्थक आहे असे नव्हे. तो कोणत्या दिवसाविषयी बोलतो, एवढेच पाहावयाचे आहे.

चौकोनी आट्यांचा दावा

अमेरिकेतील कार्ल मिश यांचा ‘कंटेम्पररी इंप्लांट डेंटिस्ट्री’ हा ग्रंथ १९९३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. पुढे त्याच्या आवृत्त्या निघाल्या व भारतातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा तो जणू प्रमाणग्रंथ ठरला. हाडाच्या घनतेनुसार उपचाराची आखणी बदलली पाहिजे ही शिस्त या ग्रंथाने लावली, आणि हे त्याचे मोठे श्रेय आहे. आट्यांविषयी त्यात जो युक्तिवाद येतो तो थोडक्यात असा : हाड दाब चांगला सहन करते, कातर बल वाईट सहन करते, व्ही आकाराच्या आट्यांमुळे चावण्याच्या भाराचे कातर बलात अधिक रूपांतर होते, चौकोनी आट्यांमुळे कमी, म्हणून चौकोनी आटे श्रेयस्कर.

यांत्रिकी म्हणून हे म्हणणे पटण्याजोगे आहे. परंतु त्यात भार हा चावण्याचा आहे. हाड भरून येत असताना, विशेषतः इंप्लांट झाकलेला असताना, चावण्याचा भार नसतो किंवा अत्यल्प असतो. त्या काळात आट्यांपाशी जे घडते ते रक्ताची गुठळी, नव्या रक्तवाहिन्या, हाड खाणाऱ्या व हाड घडवणाऱ्या पेशी यांचे काम असते. म्हणजे युक्तिवाद पुढच्या वर्षांचा आणि निष्कर्ष पहिल्या आठवड्यांचा, अशी उडी येथे मारली जाते. मिश यांच्या ग्रंथाने ती स्वतः फारशी मारली नसली तरी त्याच्या आधारे लिहिणाऱ्यांनी ती वारंवार मारली आहे.

या दाव्याच्या पुष्टीसाठी ज्याचा दाखला दिला जातो तो प्रयोग स्टायगेंगा व सहकाऱ्यांचा आहे. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या लेखकांत मिश यांचाही समावेश आहे. १२ सशांच्या नडगीच्या हाडांत एकूण ७२ इंप्लांट बसवण्यात आले. प्रत्येक हाडात तीन : व्ही आकाराचा, उलट्या बट्रेसचा व चौकोनी आट्यांचा. १२ आठवड्यांनी पाहिले असता चौकोनी आट्यांच्या इंप्लांटला हाड अधिक प्रमाणात चिकटलेले आढळले, आणि तो उलटा पिळून काढण्यास जोरही अधिक लागला. एकाच प्राण्यात तिन्ही आकार तपासल्यामुळे ही तुलना निर्दोष वाटते, व तेवढ्यापुरती ती आहेही.

अडचण १२ आठवड्यांची आहे. सशाच्या हाडाचे झिजणे-भरणे यांचे एक चक्र सुमारे ६ आठवड्यांत पुरे होते, माणसाच्या हाडाचे सुमारे १७ आठवड्यांत. म्हणजे सशाचे १२ आठवडे हे माणसाच्या सात-आठ महिन्यांच्या बरोबरीचे झाले. एवढ्या काळानंतर घेतलेल्या मापावरून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातील खळग्याविषयी काहीही सांगता येत नाही. शिवाय तपासणी एकदाच झाली. चौकोनी आट्यांचा फायदा आरंभीच होता आणि टिकून राहिला, की आरंभी तोटा होऊन पुढे फायदा झाला, हे त्या आकड्यांत नाही. तरीही ‘चौकोनी आट्यांमुळे हाड लवकर भरते’ असे वाक्य या प्रयोगाच्या नावावर खपवले जाते. प्रयोगात ‘अधिक’ आहे, ‘लवकर’ नाही.

खळग्याच्या आत काय चालते हे ज्या प्रयोगाने दाखवले तो आट्यांच्या आकाराविषयी नव्हता. बेर्गलुंध, आब्राहमसन, लँग व लिंढे यांनी २००३ मध्ये २० लॅब्राडोर कुत्र्यांवरील काम प्रसिद्ध केले. त्यांनी १६० इंप्लांट असे घडवून घेतले की आट्यांमध्ये एक पोकळ खोबण राहावी. शस्त्रक्रियेनंतर दोन तासांपासून १२ आठवड्यांपर्यंत वेगवेगळ्या टप्प्यांवर त्यांनी ते पाहिले. आट्यांची टोके जेथे जुन्या हाडात रुतली होती तेथे प्रथम हाड झिजले. खोबणीत जेथे हाडाचा स्पर्शच नव्हता, फक्त रक्ताची गुठळी होती, तेथे पहिल्या आठवड्यातच कोवळे हाड दिसू लागले. पहिल्या दिवशी जी जागा पकड देते तीच पुढच्या आठवड्यांत पकड सोडते आणि जी जागा मोकळी असते तीच नवी पकड घडवते, असा त्याचा अर्थ होतो. कारागिराच्या नियमाच्या हे नेमके उलट आहे.

म्हणून आराखड्याचा परिणाम आट्यांच्या आकारापेक्षा आटे आणि भोक यांच्यातील फटीवर अधिक अवलंबून असतो. भोक किती मापाचे पाडायचे हे शेवटच्या ड्रिलवर ठरते, आणि शेवटचे ड्रिल कोणते वापरायचे हे डॉक्टर ठरवतात. दोन कंपन्यांच्या इंप्लांटची तुलना करताना प्रत्येकास त्याच्याच संचातील ड्रिल वापरले जाते. साहजिकच निष्कर्षात आट्यांचा वाटा किती व ड्रिलचा किती हे वेगळे काढता येत नाही. मग श्रेय आट्यांना दिले जाते, कारण माहितीपत्रकावर चित्र आट्यांचे असते.

मोजपट्टीविषयी

घट्टपणा मोजण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. एक, बसवताना लागलेला पीळ, जो न्यूटन-सेंटिमीटरमध्ये सांगतात. दुसरी, मेरेडिथ व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलेली अनुनादाची रीत. इंप्लांटवर एक छोटी खुंटी बसवून ती कंपित केली जाते आणि १ ते १०० या पट्टीवर आकडा मिळतो. त्यास आयएसक्यू म्हणतात.

पिळाच्या आकड्याविषयी दोन परस्परविरुद्ध समजुती आहेत. एक म्हणते, जितका अधिक तितका बरा. दुसरी म्हणते, फार पिळले तर हाड मरते. त्रिसी व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मेंढ्यांच्या खालच्या जबड्यात फार मोठ्या पिळाने बसवलेल्या इंप्लांटभोवतीही हाड मेल्याचे आढळले नाही, असे नोंदवले. त्याच वर्षी नॉर्टन यांनी तात्काळ दात बसवलेल्या, पण कमी पिळाने रोवलेल्या एकेरी इंप्लांटचे टिकण्याचे प्रमाणही चांगले असल्याचे दाखवले. त्याआधी, १९९६ मध्येच, इव्हानॉफ व सहकाऱ्यांनी सशांत मुद्दाम सैल बसवलेले, बोटांनी फिरू शकणारे इंप्लांटही कालांतराने हाडाने धरल्याचे पाहिले होते. एकूण पिळाचा आकडा हा पहिल्या दिवसाचा निरोप आहे. त्यावरून चौथ्या आठवड्याचे भाकीत करणे दोन्ही बाजूंनी धाडसाचे ठरते. खरा धोका हलण्याचा आहे. भरून येत असताना इंप्लांट हाडात साधारण ५० ते १५० मायक्रॉनपेक्षा अधिक हलत राहिला, तर भोवती हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होतात, असे मानले जाते. केसाच्या जाडीशी तुलना करावी एवढे हे अंतर आहे.

आयएसक्यूची अडचण निराळी आहे. हा आकडा इंप्लांट आणि हाड यांच्या एकत्रित ताठरपणाचा आहे. इंप्लांटचा किती भाग हाडाबाहेर आहे, खुंटी कोणती आहे, इंप्लांट केवढा आहे, यावर तो बदलतो. एकाच इंप्लांटची आठवड्यागणिक होणारी चढउतार पाहण्यासाठी तो उत्तम आहे. दोन वेगळ्या आराखड्यांची एकमेकांशी तुलना करण्यासाठी तो कच्चा आहे. व्यवहारात त्याचा उपयोग नेमका उलट होतो : आराखड्यांची तुलना त्याने केली जाते आणि आठवड्यांची चढउतार वगळली जाते. यामागे लबाडी नाही. पदव्युत्तर अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि प्रबंधासाठी हाती येणारा काळ त्याहून कमी. त्यात रुग्णाला दर आठवड्याला बोलावणे कठीण, आणि हिरडीखाली झाकलेल्या इंप्लांटवर मधल्या काळात खुंटी बसवताच येत नाही. जे मोजणे सोपे तेच मोजले जाते.

पृष्ठभागाविषयी थोडक्यात सांगणे पुरे. रोक्की व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये खालच्या जबड्याच्या मागील भागात तात्काळ भार दिलेल्या इंप्लांटची तुलना केली. ब्रोनेमार्क प्रणालीच्या खडबडीत पृष्ठभागाच्या ६६ पैकी ३ व गुळगुळीत पृष्ठभागाच्या ५५ पैकी ८ इंप्लांट गमावले गेले. प्रणाली तीच, पृष्ठभाग वेगळा. खळगा उथळ करण्यात आट्यांपेक्षा पृष्ठभागाचा हात मोठा असावा, असे या प्रकारच्या पुराव्यावरून वाटते. मात्र खडबडीतपणाची किंमत पुढे चुकवावी लागू शकते. एस्पोसितो व सहकाऱ्यांच्या २०१४ मधील कॉक्रेन आढाव्यात २७ यादृच्छिक चाचण्या, १,५१२ रुग्ण आणि ३८ प्रकारचे इंप्लांट आले. दीर्घकालीन यशात कोणताही एक प्रकार सरस असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. उलट, खडबडीत पृष्ठभागाभोवती पुढे जंतुसंसर्गाने हाड झिजण्याचा धोका अधिक असू शकतो, असा मर्यादित पुरावा मिळाला.

निपाणीचा रुग्ण

३८ प्रकारच्या इंप्लांटमध्ये एकही सरस ठरत नसेल, तर बेळगावच्या संशोधकाने ३९ व्या आट्याची तुलना कशासाठी करावी, हा प्रश्न रास्त आहे. या भागात विचारण्याजोगा प्रश्न दुसरा आहे आणि तो तंबाखूचा आहे.

निपाणी हे विडीच्या तंबाखूचे जुने केंद्र. १९८१ च्या तंबाखू आंदोलनाने त्याचे नाव दूरवर पोहोचले. तंबाखूच्या वखारींत आणि विड्या वळण्याच्या कामात पिढ्यान् पिढ्या स्त्रिया राबल्या. येथे तंबाखूशी माणसाचा संबंध केवळ व्यसनाचा नाही, रोजीरोटीचाही आहे.

बेन व मॉय यांनी १९९३ मध्ये ५४० रुग्णांच्या २,१९४ इंप्लांटचा हिशोब प्रसिद्ध केला. धूम्रपान करणाऱ्यांत ११.२८ टक्के इंप्लांट अयशस्वी झाले, न करणाऱ्यांत ४.७६ टक्के. २०१५ मधील ख्रकानोविच, आल्ब्रेक्टसन व वेनरबर्ग यांच्या एकत्रित विश्लेषणातही धोका दुपटीहून किंचित अधिकच निघाला. कोणत्याही दोन आट्यांच्या आकारांत एवढा फरक आजवर कोणी दाखवलेला नाही. कारणही उघड आहे. निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, नव्या रक्तवाहिन्या व हाड घडवणाऱ्या पेशी यांचे काम मंदावते. म्हणजे आट्यांमधील खोबणीत ज्या आठवड्यांत गुठळीचे हाड व्हायचे, त्याच आठवड्यांवर घाला पडतो. पहिल्या दिवसाची पकड तंबाखू खाणाऱ्यालाही तितकीच मिळते. प्राथमिक स्थिरतेच्या मोजणीत तो इतरांसारखाच दिसतो, आणि म्हणूनच ती मोजणी त्याच्याविषयी काही सांगत नाही. बाल्शी व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये धूम्रपानाचा दुष्परिणाम गुळगुळीत इंप्लांटमध्ये दिसतो, खडबडीतमध्ये दिसत नाही, असे मांडले हे खरे. परंतु नंतरच्या मोठ्या विश्लेषणात धोका कायम असल्यामुळे त्यावर निर्धास्त राहता येत नाही.

आता या सर्व अभ्यासांत ‘धूम्रपान’ म्हणजे काय ते पाहावे. बहुतांश ठिकाणी ते सिगारेट, आणि तीही दिवसाला किती, या हिशोबात आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के व धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. कर्नाटकात हे प्रमाण अनुक्रमे ८.८ व १६.३ टक्के. सीमाभागातील रुग्ण बहुधा तंबाखू ओढणारा नाही, खाणारा किंवा लावणारा आहे. कर्नाटकात २०१३ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी तंबाखू-चुन्याची डबी आणि मावा यांचा वावर संपला नाही. बायका मिश्री लावतात, कोणी तपकीर लावते. ती तासन् तास नेमकी त्या हिरडीशी असते जिच्याखाली इंप्लांट आहे.

येथे भाषेचा एक बारकावा आड येतो. केसपेपरवर ‘धूम्रपान : होय / नाही’ एवढाच रकाना असेल आणि डॉक्टरांनी ‘विडी-सिगारेट ओढता का?’ असे विचारले, तर मिश्री लावणारी बाई ‘नाही’ म्हणेल, आणि तिचे उत्तर खरेच असेल. मराठीत विडी ओढतात, तंबाखू खातात, मिश्री लावतात. तिन्ही क्रियापदे विचारल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. कोणी मिश्रीला व्यसन समजत नाही, दात घासण्याचाच तो प्रकार मानला जातो. अशी बाई संशोधनात ‘तंबाखू न वापरणाऱ्या’ गटात जाऊन बसते, आणि तिचा इंप्लांट सैल झाला तर अपयश आट्यांच्या किंवा हाडाच्या नावे लिहिले जाते.

याहून अवघड प्रकरण वखारीत किंवा विडीच्या कामावर असणाऱ्या स्त्रीचे आहे. विडी उद्योगातील कामगारांच्या शरीरात, ते स्वतः तंबाखू वापरत नसले तरी, निकोटिनपासून तयार होणारे कोटिनीन आढळल्याचे भारतीय संशोधकांनी १९९० च्या दशकापासून नोंदवले आहे. बेन यांनी १९९६ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वी एक आठवडा व नंतर आठ आठवडे तंबाखू बंद ठेवण्याची शिस्त सुचवली, व ती पाळणाऱ्यांत परिणाम चांगले दिसले. हे आठ आठवडे म्हणजे जवळजवळ पूर्ण खळगाच. मिश्री लावणाऱ्या बाईस आठ आठवडे थांबा असे सांगता येते. जिचा रोज तंबाखूच्या धुळीत आहे तिला आठ आठवडे कामावर जाऊ नका असे कोण सांगणार? तिच्या बाबतीत इंप्लांट अधिक काळ झाकून ठेवणे, म्हणजे ब्रोनेमार्क यांच्या जुन्या पद्धतीकडे परत जाणे, हाच सध्या उपलब्ध असलेला प्रामाणिक सल्ला वाटतो. ‘त्याच दिवशी दात’ ही जाहिरात तिच्यासाठी नव्हे.

तरीही मोह तिलाच अधिक पडतो, हे समजून घेतले पाहिजे. निपाणीहून बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर. प्रत्येक खेपेस बसभाडे आणि एक रोज बुडतो. एका खेपेत काम उरकत असेल तर तिला ते हवेच आहे. याच कारणाने दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आठवड्यातील मोजणीसाठी निपाणीचा रुग्ण येत नाही, आणि अभ्यासात शहरातला, जवळ राहणारा रुग्ण उरतो. हा दोष रुग्णाचा नाही, अभ्यासाच्या आखणीचा आहे.

अनुनाद मोजण्याचे यंत्र हातात मावते आणि बॅटरीवर चालते. त्यासाठी खुर्ची, एक प्रशिक्षित व्यक्ती आणि प्रत्येक इंप्लांटला एक खुंटी एवढेच लागते. हिरडीबाहेर उघड्या ठेवता येतील अशा इंप्लांटची निवड करून, पहिल्या दिवशी आणि त्यानंतर दर पंधरा दिवसांनी आठव्या आठवड्यापर्यंत, निपाणीतच बाजाराच्या दिवशी मोजणी करता येईल. रुग्ण बाजाराला येतोच. आट्यांचा प्रकार एकच ठेवावा, शेवटचे ड्रिल एकच ठेवावे. बदलू द्यावे ते तंबाखूचे क्रियापद : ओढणे, खाणे, लावणे, आणि चौथे, त्यात काम करणे.